वकीलपत्रावर जे लिहिलेले नसते

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात वकीलपत्राचा छापील फॉर्म चार पावलांवर मिळतो. कागद एकच, अक्षर बारीक, आणि खाली सहीसाठी मोकळी जागा. बहुतेक पक्षकार तो वाचत नाहीत. वकिलांचा कारकून पेन्सिलीने फुली मारून देतो आणि त्या फुलीवर सही करायची असते. मी स्वतः दोनदा अशी सही केलेली आहे. निवृत्तीनंतर, हाताशी वेळ असताना, एका कोऱ्या फॉर्मवरचा मजकूर मी प्रथमच शेवटपर्यंत वाचला. वकील माझ्या वतीने दावा दाखल करू शकतील, तो मागे घेऊ शकतील, तडजोड करू शकतील, रक्कम स्वीकारून पावती देऊ शकतील, आपल्या जागी दुसरा वकील उभा करू शकतील, आणि त्यांनी जे काही केले ते मीच केले असे मानले जाईल, असे त्यात होते. ठरलेली फी न दिल्यास काम सोडण्याची मुभाही त्यांना होती. वकिलांनी माझ्यासाठी नेमके काय करायचे, कोणत्या टप्प्यापर्यंत, किती फीमध्ये, आणि वेळोवेळी मला काय कळवायचे, याविषयी मात्र त्यात एक ओळही नव्हती. सह्या केल्या त्या दोन्ही वेळांना प्रत मला मिळाली नव्हती, आणि मीही ती मागितली नव्हती.

विश्वासू आणि जाणकार वकील कसा मिळवावा, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी ओळखीपाळखीने सोडवला जातो. कुणाच्या मेहुण्याची केस ज्यांनी जिंकली ते वकील, कुणाच्या कॉलनीत राहणारे वकील, कुणाचे वर्गमित्र. चांगला माणूस सापडला की पुढचे सगळे आपोआप नीट होईल, अशी त्यामागची समजूत असते. माझे म्हणणे असे की चांगला माणूस सापडणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, आणि तो चांगला आहे की नाही हे अशिलाला कळण्याची सोयच सध्याच्या पद्धतीत नाही. वकील आणि अशील यांच्यातला व्यवहार मराठीत, लेखी आणि प्रत्येक प्रकरणात सक्तीचा केला, तरच हा प्रश्न नशिबाच्या हवाली राहणार नाही.

हे सुचले ते माझ्या नोकरीमुळे. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षे काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. घरकर्जाचे प्रकरण आले की मालमत्तेचे कागद पॅनेलवरच्या वकिलांकडे जात. फाइलसोबत पत्र असे आणि फीचा तक्ता आधीच ठरलेला असे. मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च करून अहवाल किती दिवसांत द्यायचा, मूळ दस्त पाहिले की झेरॉक्स पाहिली हे अहवालात स्पष्ट लिहायचे, आणि मालकीच्या साखळीत एखादा दुवा तुटलेला असेल तर तसे नमूद करायचे, असा शिरस्ता होता. वसुलीच्या दाव्यांत प्रत्येक तिमाहीला प्रकरणाची स्थिती लेखी येत असे. न आल्यास आम्ही स्मरणपत्र पाठवत असू, आणि तेवढ्याने कोणत्याही वकिलाचा अपमान होत नसे. हेच वकील, हेच न्यायालय, हेच कायदे. आणि त्याच बँकेतला शाखा व्यवस्थापक स्वतःच्या घरच्या वाटणीच्या भांडणासाठी वकिलाकडे जाई तेव्हा हात जोडून उभा राही, फी किती हे विचारायला संकोचे, आणि दिलेल्या पैशांची पावती मागणे त्याला असभ्यपणाचे वाटे. संस्था वकील नेमते. सामान्य माणूस वकिलाला शरण जातो. या दोन्हींतला फरक शिक्षणाचा नसून कागदाचा आहे.

माझ्या थोरल्या भावाचे प्रकरण या दृष्टीने सांगण्यासारखे आहे. मानेवाडा भागात त्याने १९९० च्या दशकात एक प्लॉट घेतला होता. शेजाऱ्याने कुंपण सरकवत सरकवत जवळजवळ चार फूट जागा आत घेतली, म्हणून २०१६ मध्ये दावा दाखल केला. वकील ओळखीतूनच मिळाले. सुरुवातीला २५ हजार रुपये रोख दिले. पुढे दर तारखेला कधी ५००, कधी १०००. पावती एकाही रकमेची नाही. फोन केला की उत्तर ठरलेले असे: तारीख पडली, काळजी करू नका भाऊ. चौथ्या वर्षी भाच्याने मोबाइलवर ई-कोर्ट्सचे ॲप घेतले आणि कुठल्याशा जुन्या अर्जावरून सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा १६ अक्षरी क्रमांक, शोधून टाकला. दावा ११ महिन्यांपूर्वीच वादी गैरहजर म्हणून खारीज झालेला होता. त्या ११ महिन्यांत भावाने ‘तारखेचे’ म्हणून चार वेळा पैसे दिलेले होते.

असा दावा पुन्हा फाइलवर घेण्यासाठी अर्ज करायची मुदत ३० दिवसांची असते. ती उलटून गेल्यामुळे विलंब माफीचा वेगळा अर्ज आला, त्यावर समोरच्याचे म्हणणे आले, आणि नुसता दावा पूर्वपदावर यायला १४ महिने लागले. दरम्यान पहिल्या वकिलांनी फाइल द्यायला नकार दिला. बाकी फी द्या आणि कागद न्या, असे त्यांच्या कारकुनाने सांगितले. भावाने ८ हजार रुपये भरून फाइल सोडवली. फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० सालीच सांगून ठेवले आहे. ते भावाला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर ३१ वर्षे बँकेत काढूनही मलाही नव्हते.

त्या वकिलांना मी लबाड ठरवायला तयार नाही. त्यांच्याकडे पन्नास-साठ प्रकरणे आणि एकच कारकून होता. एकाच सकाळी तीन न्यायालयांत पुकारा होत असे. आमच्या दाव्याचा पुकारा झाला तेव्हा ते बहुधा दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी उलटतपासणी घेत असावेत, आणि नंतर ते सांगण्याचा धीर झाला नसावा. पुढचे पैसे त्यांनी घेतले की कारकुनाने परस्पर, तेही आम्हाला कधी कळले नाही. अशिलांचे बहुतेक वाईट अनुभव मी ऐकले आहेत ते याच जातीचे आहेत: समोरच्या पक्षाला फितूर झालेला वकील क्वचित, आणि ओझ्याखाली दबून गप्प बसलेला वकील पुष्कळ. माणसाच्या सचोटीची परीक्षा घेत बसण्यापेक्षा प्रत्येक तारखेला काय झाले हे दोन ओळींत अशिलाला कळवण्याचे बंधन असते, तर आमची गोष्ट पहिल्याच महिन्यात उघडी पडली असती आणि ३० दिवसांची मुदतही हाताशी असती.

आता असा फटका बसल्यावर दाद कुठे मागायची? १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. गांधी यांच्या प्रकरणात निकाल दिला की वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. डॉक्टरांची सेवा १९९५ च्या निकालाने त्या कक्षेत आली, वकिलांची नाही. निकालामागची काही कारणे पटण्यासारखी आहेत. वकील हा न्यायालयाचाही अधिकारी असतो, निकाल त्याच्या हातात नसतो, आणि हरलेल्या प्रत्येक अशिलाने ग्राहक आयोगाची पायरी चढली तर वकिली करणे अशक्य होईल. पण निकालातला एक मुद्दा नागपुरातल्या कुठल्याही पक्षकाराला कोड्यात टाकील. वकील ज्या रीतीने काम करतो त्यावर अशिलाचे बऱ्याच प्रमाणात थेट नियंत्रण असते, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आहे. आपली फाइल कुठल्या कपाटात आहे हे ज्याला माहीत नाही, इंग्रजीत टाइप केलेल्या अर्जावर जो खाली मराठीत सही करतो, आणि व्हरांड्यात उभा राहून आपला पुकारा झाला की नाही हे जो शिपायाला विचारतो, त्याच्या हातात हे नियंत्रण आहे असे कायदा धरून चालतो. न्यायालयाचे हे गृहीतक मी नाकारत नाही. ते खरे होईल अशी व्यवस्था करा, एवढेच मागतो. नियंत्रण असायचे तर आधी माहिती हवी.

दुसरा मार्ग अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ चा. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. ती शिस्तपालन समितीकडे गेली आणि सिद्ध झाली तर समिती वकिलाला समज देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते किंवा सनदेच्या यादीतून नाव काढू शकते. तक्रार एका वर्षात निकाली निघावी आणि न निघाल्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जावी, अशी तरतूदही आहे. परंतु महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलचे कार्यालय मुंबईत, इथून ८०० किलोमीटरहून अधिक अंतरावर; आणि तक्रार खरी ठरली तरी गेलेला प्लॉट किंवा गेलेले पैसे देण्याचा अधिकार शिस्तपालन समितीला नाही. शिवाय अशा तक्रारीत पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. काय ठरले होते? किती दिले? कधी सांगितले? भावाजवळ दाखवायला काय होते, तर त्याच्या खिशातल्या डायरीतल्या नोंदी.

तिसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. वकिलांच्या फीविषयीचा १९२६ चा छोटासा कायदा आहे. वकील आणि अशील यांना कामाच्या आणि फीच्या अटी आपसांत करार करून ठरवता येतात, आणि निष्काळजीपणाबद्दल वकिलावर दावा होण्यापासून केवळ वकील म्हणून सूट नाही, असे त्यात आहे. म्हणजे लेखी करार ही काही परदेशातून आणलेली कल्पना नव्हे. इंग्रजांच्या काळातल्या आपल्याच कायद्याने त्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्या वाटेने कुणी जात नाही, इतकेच. आणि एका वकिलाविरुद्ध दावा लढवायला दुसरा वकील शोधावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

उलट एका जागी मात्र लेखी व्यवस्था आहे, आणि ती नेमकी फुकटच्या वकिलाची आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कोठडीतले बंदी अशा अनेकांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. अशा वकिलाची नेमणूक पत्राने होते, आणि २०१० च्या नियमावलीने त्याच्या कामावर देखरेख करणारी समितीही ठेवलेली आहे. ती देखरेख प्रत्यक्षात किती होते, हा वादाचा विषय होऊ शकेल. तरीही गंमत पाहा: ज्याने एक रुपया दिलेला नाही त्याच्या वकिलाकडे काम झाले का, असे विचारणारे निदान कागदोपत्री कुणीतरी आहे, आणि ज्याने बायकोचे दागिने मोडून फी भरली त्याच्यासाठी तसे कुणीच नाही. तरीही ‘सरकारी वकील नको, चांगला वकील पाहा’ असे सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. फौजदारीत सरकारची बाजू मांडणारा सरकारी वकील आणि विधी सेवेचा वकील यांच्यातला फरकसुद्धा त्यांना माहीत नसतो, ही गोष्ट निराळी.

वकिलांची जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. २००८ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी मर्यादित माहिती देता येते. जाहिरातबंदीमागचा हेतू मला मान्य आहे. न्यायाचा बाजार होऊ नये, हे खरेच. पण माहितीची जागा रिकामी राहिली की ती दलाल भरून काढतो. अपघात विभागाच्या बाहेर, पोलिस ठाण्याच्या चहाच्या टपरीवर, नोंदणी कार्यालयाच्या दारात ‘आपले एक वकील आहेत’ असे म्हणणारा माणूस भेटतोच. अधिवक्ता कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने अशा दलालांची यादी करून त्यांना न्यायालयाच्या आवारातून दूर ठेवण्याची आणि शिक्षेची तरतूद झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून ती अमलात आली. शिक्षा आहे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ५०० रुपये म्हणजे आमच्या भावाच्या एका तारखेचा खर्च.

याच दलालीचे एक रूप टक्केवारीच्या फीत दिसते. अपघाताच्या नुकसानभरपाईत ‘आता काही देऊ नका, मिळाल्यावर इतके टक्के द्या’ असे सांगितले जाते, आणि नवरा गमावलेल्या बाईला ते उपकारासारखे वाटते. असा करार नियमांत बसत नाही. बी. सुनीता यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे स्पष्ट केले. तेही प्रकरण अपघाताच्या भरपाईवरूनच निघाले होते. त्याच निकालात वकिलांच्या फीचे नियमन आणि अशिलांचे शोषण यांकडे सरकारने लक्ष द्यावे, अशी अपेक्षाही व्यक्त झाली होती.

एवढे वकिलांविषयी लिहिल्यावर आम्हा अशिलांविषयीही लिहिले पाहिजे, कारण या व्यवहारातला खोटेपणा एकतर्फी नाही. वकिलाकडे गेल्यावर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ‘साहेब, जज ओळखीचे आहेत का?’ किंवा ‘शंभर टक्के जिंकू ना?’ जो वकील या दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणतो त्याच्या टेबलावरून आपण उठतो, आणि जो डोळे मिचकावतो त्याच्यापुढे नोटा ठेवतो. मग फसलो म्हणून रडतो. माझ्या मते न्यायाधीशांशी ओळख असल्याचे सुचवणारा वकील ऐकताक्षणी सोडून द्यावा. ती ओळख खोटी असेल तर तो आपल्याला फसवतो आहे, आणि खरी असेल तर उद्या ती समोरच्यालाही विकता येते. आपण वस्तुस्थितीही लपवतो. आधीची तडजोड, भावाला दिलेले हक्कसोडपत्र, घेतलेले पैसे, हे वकिलाला सांगत नाही, आणि उलटतपासणीत ते बाहेर पडले की वकिलाचे तोंड उतरते. वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्याकडून काढून घेता येत नाही, असे संरक्षण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने दिलेले आहे. तरी आपण वकिलाशी पोलिसाशी बोलावे तसे बोलतो. निकाल लागला की उरलेली फी बुडवणारेही आपणच असतो.

जाणकार वकील ओळखण्याचा प्रश्न सचोटीपेक्षा अवघड आहे. नागपुरात गुणवत्तेची वानवा आहे असे कुणी म्हणणार नाही. १९३६ मध्ये इथे स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले, त्याची देखणी इमारत १९४० पासून उभी आहे, आणि १९५६ च्या पुनर्रचनेनंतर तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ भरते. याच शहरात वकिली केलेले मोहम्मद हिदायतुल्ला, शरद बोबडे आणि भूषण गवई हे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. परंतु मोठमोठ्या नावांची परंपरा मानेवाड्याच्या चार फूट जागेच्या कामी येतेच असे नाही. अशिलाला दिसते ते मोठे ऑफिस, जाडजूड पुस्तकांची रांग आणि भरदार आवाज. काम दिसत नाही.

मला ते दिसले ते भावाच्या दुसऱ्या वकिलांमुळे. नागपूरच्या ‘सदर’ नावाच्या भागात छोटे ऑफिस असलेल्या या बाईंनी वकीलपत्र लगेच घेतलेच नाही. कागद ठेवून जा, आठ दिवसांनी या, म्हणाल्या. आठ दिवसांनी टेबलावर खरेदीखत आणि लेआउटचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पेनाचे टोक एका ओळीवर टेकवले. “काका, खरेदीखताच्या चतुःसीमेत पूर्वेला प्लॉट २३ लिहिलाय, आणि नकाशात पूर्वेला रस्ता आहे. समोरच्या वकिलाला हे दिसलं तर तुमचा दावा इथंच अडकेल.” चार वर्षे, एक दावा, कितीतरी तारखा, आणि ती ओळ कुणी वाचलेली नव्हती. पुढे चूक दुरुस्तीचा दस्त करावा लागेल, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) दाखल करावी लागेल, आणि तोपर्यंत मनाई हुकूम मिळण्याची आशा कमी, हे सगळे त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. गुंठेवारी, आर.एल. लेटर (प्लॉट नियमित केल्याचे पत्र), सुधार प्रन्यासचे नकाशे यांचा गुंता असलेल्या या शहरात जमिनीचा वकील तो, जो बोलण्याआधी नकाशा मागतो. आपली बाजू कुठे लंगडी आहे हे जो पहिल्या भेटीत सांगतो, त्याने कागद वाचलेले असतात. याहून खात्रीची दुसरी कसोटी मला सापडलेली नाही.

त्या दिवशी उठताना त्यांनी भावाच्या हातात एक कागद दिला, मराठीत, पानभर. कोणते काम, कोणत्या न्यायालयात, कोणत्या टप्प्यापर्यंत. फी किती आणि कोणत्या हप्त्यांत. कोर्ट फी, नक्कल, मोजणी यांचा खर्च वेगळा आणि पावतीनुसार. त्या स्वतः नसतील तेव्हा कोण उभे राहील. प्रत्येक तारखेनंतर व्हॉट्सॲपवर काय कळवले जाईल. आणि शेवटी निकालाची हमी नाही. भाऊ आधी बुचकळ्यात पडला. आपल्यावर विश्वास नाही म्हणून लिहून घेतात की काय, असे त्याला वाटले.

वकील मंडळींचे आक्षेपही अशाच वळणाचे असतात. हे नाते विश्वासाचे आहे, करारमदार केले की त्याचा ठेका होईल, असे एक ज्येष्ठ वकील मला म्हणाले. पण बार कौन्सिलच्या नियमांतच अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवण्याचे, मागितल्यास त्याची प्रत देण्याचे, आणि पुरेशा कारणाशिवाय व सूचनेशिवाय काम न सोडण्याचे बंधन वकिलावर आहे. हिशेबाने विश्वास कमी होतो असे त्या नियमांना वाटलेले नाही. दुसरा आक्षेप असा की तारखा वकिलाच्या हातात नसतात. म्हणूनच कागदावर निकालाची तारीख नको, कामाचे टप्पे हवेत. तिसरा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो: लेखी कागद असला की कुरबुऱ्या अशील त्यातली ओळन् ओळ दाखवून भांडेल, आणि नवख्या वकिलाला ते झेपणार नाही. असे होईल, काही प्रमाणात. परंतु तोच कागद फी बुडवणाऱ्या अशिलाविरुद्ध त्या नवख्या वकिलाच्या हातातही असेल, आणि आज त्याच्या हातात काहीच नसते.

फीचा आकडा न्यायालयात दाखल करण्याची मुळीच गरज नाही. तो दोघांमधलाच राहावा. वकीलपत्रावर फक्त एक ओळ वाढवावी: कामाचा व फीचा लेखी तपशील आणि या वकीलपत्राची प्रत मला मिळाली आहे, आणि त्याखाली अशिलाची वेगळी सही. दावा दाखल करताना मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात अशिलाचा स्वतःचा क्रमांक घालणेही सक्तीचे व्हावे. ई-कोर्ट्सचा तारखेचा संदेश पक्षकारालाही जाऊ शकतो. आमच्या पहिल्या दाव्यात त्या जागी कारकुनाचा क्रमांक होता, त्यामुळे दावा खारीज झाल्याची खबर सर्वांत आधी त्याला होती आणि सर्वांत शेवटी आम्हाला. यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. व्यावसायिक वर्तनाचे नियम करण्याचा अधिकार अधिवक्ता कायद्याच्या कलम ४९ ने बार कौन्सिल ऑफ इंडियाला आधीच दिलेला आहे.

चांगले वकील हे आपणहून करतील, सक्ती कशाला, असेही विचारले जाते. मी हा प्रश्न सदरच्या त्याच बाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, “काका, हा कागद पाहून दहातले चार लोक परत येत नाहीत. त्यांना वाटतं, ही बाई हमी देत नाही, वरून लिहून घेते. ते शेजारच्या टेबलावर जातात, तिथं ‘होऊन जाईल’ म्हणतात. सगळ्यांनाच द्यावा लागला तर माझे ते चार राहतील.”